तोंडात बोळा असताना सांगितलेलं

प्रश्न : दिवाळीनंतर सासूबाईंची खालची दाढ काढली. त्याच संध्याकाळी त्यांनी मिठाच्या कढत पाण्याने गुळण्या केल्या, सकाळी मिश्री लावली. तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका. खड्डा धुऊन औषध भरल्यावर थांबला. डॉक्टर म्हणतात, "सगळं सांगितलं होतं." सासूबाई म्हणतात, "मला कुणी काही बोललं नाही." आता दुसरी दाढ काढायचीय. खरं कोणाचं धरू?
– एक सून, तासगाव

उत्तर : दोघांचंही. डॉक्टरांनी सांगितलंच असणार, पण कधी? अर्धा जबडा बधिर, दाताखाली कापसाचा बोळा आणि तासगावची एसटी चुकेल ही धास्ती. अशा वेळी "कळलं ना?" विचारलं की कुणीही मान डोलावतं. बारीक अक्षरातला कागद औषधांच्या पिशवीत जातो, चष्मा घरी.

सांगलीत माझ्याकडे पार जतवरून पेशंट येतात. सूचना मी इंजेक्शनच्या आधीच देते, घरच्या माणसाला आत बोलावून. मग विचारते, "मावशी, रात्री जेवायला काय?" "झुणका-भाकरी" म्हणाल्या की पुन्हा पहिल्यापासून. "आणि मिश्री?" यावर मावशी सुनेकडे बघतात.

नुसतं 'बंद' म्हणून मिश्री सुटत नाही, कारण सांगावं लागतं. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, ती हाडावरचं झाकण. पहिल्या २४ तासांत जोरात चूळ भरली, थुंकलं, स्ट्रॉने ओढलं की ती निसटू शकते. तंबाखूने जखमही लवकर भरत नाही. हाड उघडं पडलं की दोन-तीन दिवसांनी तुम्ही पाहिलात तो ठणका. याला ड्राय सॉकेट म्हणतात. मिठाच्या गुळण्या चांगल्याच, पण दुसऱ्या दिवसापासून, कोमट पाण्याच्या आणि हलक्या. सगळ्यांत जड जातं ते न थुंकणं. "रक्त गिळू व्हय?" असं तोंडावर विचारतात. लाळेत थोडं रक्त उतरणारच, ती गिळली तरी काही होत नाही.

या खेपेला तुम्ही सोबत आत जा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पाकीट दाखवा. आपल्या मनाने बंद करू नका. बोळा किती वेळ दाबायचा ते विचारून घ्या, साधारण अर्धा-पाऊण तास असतो. रात्री रक्त थांबलं नाही तर कुणाला फोन करायचा, तेही तिथेच लिहून घ्या. ताप, वाढती सूज किंवा गिळायला त्रास झाला तर सकाळची वाट बघू नका. आणि मिश्रीची डबी आदल्या रात्रीच तुमच्या ताब्यात घ्या. सासूबाई रागावतील, रागावू देत.