पगार लांबला म्हणून विमान बदलू नकोस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझे वडील बेदाण्याच्या सौद्यासाठी सांगलीच्या मार्केट यार्डात आले होते, तिथून घरी डोकावले. म्हणाले, "पोरगं म्हणतंय कंपनीचं काय खरं नाही. स्वतःच्या पैशानं एअरबसचं टाईप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवायची परवानगी, काढतो, बागेवर अजून कर्ज मिळतंय का बघा." मी त्यांना थांबवलंय. का, ते लिहूनच कळवतो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. तुझ्या कंपनीसारख्या लहान गावांच्या विमानसेवेचं गणितच नाजूक आहे. लहान गावं विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत निम्म्या जागा ठरवून दिलेल्या भाड्यात विकायच्या, तोटा सरकार भरून देणार, पण तीनच वर्षं. अनुदानावर बाग लावता येते, पुढं पाणी कुठून आणायचं हा खरा प्रश्न. तासगावकराला हे मी काय सांगणार? कॅगच्या २०२३ च्या अहवालातले आकडे बघ: ७७४ मार्ग दिले, सुरू झाले ३७१, तीन वर्षं पूर्ण केली ११२ नी, आणि मार्च २०२३ ला त्यानंतरही चालू होते फक्त ५४. म्हणून विमान भरून जातंय यावर विसंबू नकोस. तू उडवतोस त्यातल्या कुठल्या मार्गाचं अनुदान कधी संपतंय, ते काढून ठेव.

पण मोठ्या विमानात गेलं की नोकरी पक्की, हे तुला कुणी सांगितलं? किंगफिशर २०१२ मध्ये बसली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. गो फर्स्टकडे तर सगळी एअरबस ए३२० च होती. त्या दिवशी किती रेटेड पायलट एकदम बाजारात आले असतील, विचार कर. त्यांच्याकडे त्या विमानाचे तास होते. तुझ्याकडे कर्ज काढून घेतलेला शिक्का असेल आणि तास शून्य. हा सौदा मला पटत नाही, स्पष्टच सांगतो.

तू उडवतोस त्या एटीआरला, पंख्याच्या लहान विमानाला, कमी लेखणारी पोरं मला भेटतात, तेव्हा हसू येतं. आखूड धावपट्टी, पावसाळी ढग, दिवसाला चार-चार लँडिंग. ऑटोपायलट लावून तीन तास बसणाऱ्याला हा सराव कुठून मिळणार? शिवाय हे रेटिंग वाया जाणारं नाही. इंडिगोकडे २०१७ च्या अखेरीपासून एटीआर आहेत, अलायन्स एअरकडे आहेत, गोव्याच्या फ्लाय९१ कडे आहेत. एम्ब्रेअर विमान उडवणाऱ्या तुझ्या मित्राला देशात एवढे दरवाजे नाहीत.

तेव्हा पगार उशिरा का होईना येतोय तोवर थांब आणि तास गोळा कर. एटीपीएलसाठी, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या परवान्यासाठी, १५०० तास लागतात, पण नुसती बेरीज करून भागत नाही; पीआयसीचे (विमानाची जबाबदारी स्वतःकडे असतानाचे) आणि रात्रीचे तास किती, हे वेगळं मांडून बघ. पेपर राहिले असतील तर आत्ताच दे. कमांड, म्हणजे कॅप्टनची जागा, देऊ केली तर घे. फक्त एक ध्यानात ठेव: विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या नियमानं नोकरी सोडताना को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस, कॅप्टनला वर्षाची. चार पट्ट्या लागल्या की बाहेर पडायचा रस्ताही लांबतो. तरी घेच, कारण कमांडचे तास बाजारात वेगळ्या भावानं जातात.

आता डोळे कुठं उघडे ठेवायचे ते. क्रू रूममधल्या गप्पांवर जाऊ नकोस, तिथं कंपनी दर आठवड्याला बुडते. पीएफचं पासबुक उघडून बघ: तुझ्या पगारातून कापलेली रक्कम खरंच जमा झालीय का? प्राप्तिकराचं २६एएस काढ, टीडीएस भरलाय का बघ. पगार आठवडाभर लांबला तर मी झोपमोड करणार नाही, पण कापलेला पीएफ भरलेला नसेल तर त्याच दिवशी अर्ज पाठवायला लाग. हँगरमध्ये उभ्या विमानाचे पार्ट काढून दुसऱ्याला लावणं अधूनमधून चालतंच, पण उभं विमान पुन्हा उडतच नसेल तर समजायचं. आणि भाड्यानं विमान देणाऱ्यानं ते परत मागितलं, नोंदणी रद्द करायचा अर्ज केला, तर तो डीजीसीएच्या वेबसाइटवर दिसतो. तिथं आपल्या विमानाचा नंबर अधूनमधून बघत जा.

लॉगबुकवर सही-शिक्का दर महिन्याला घे. कंपनी बंद पडल्यावर शिक्का मारायला कोण बसलेलं असतं तिथं? पीपीसी (ठरावीक काळानं होणारी उड्डाणाची चाचणी) आणि मेडिकलच्या तारखा भिंतीवर लिहून ठेव. ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाले नाहीत की करन्सी, म्हणजे उडायची चालू पात्रता, जाते, मग सिम्युलेटर शोधा, खर्च करा. मुलाखतीला बोलावणं आलंच तर करंट असलेला माणूस आधी आत जातो.

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढ. गाडी घेणार होतास म्हणे. ती राहू दे.

दुसरीकडून ऑफर आली तर सही करण्याआधी कागद मला पाठव. बाँड किती वर्षांचा, मधेच सोडलं तर किती भरायचे, आणि कंपनीनंच काढलं तर काय, ही तीन कलमं आपण बसून वाचू. मी विश्रामबागेतच असतो, संध्याकाळी सहानंतर कधीही ये. येताना वडिलांनाही आण, त्यांनी बँकेत चौकशी केलीय का तेही कळेल.

तुझा,
कॅप्टन काका