रिफायनरीत अत्तर काढतात का?

प्रश्न असा आहे : "एका तांत्रिक लेखाचं भाषांतर करतोय. शीर्षक केलं, 'जड तेलाचे उत्प्रेरकाद्वारे उपयुक्त सुगंधी रसायनांत रूपांतर'. बायकोने वाचून विचारलं, रिफायनरीत अत्तर काढतात का? 'सुगंधी' चुकलं का? आणि 'जड'ऐवजी 'भारी' चालेल?"

'भारी'चं आधी उरकतो. नको. भारी साडी, भारी हॉटेल, तसं 'भारी तेल' म्हटलं की डोक्याला लावायचं महागडं तेल आठवतं. 'जड पाणी' मराठीत रुळलंय, त्याच चालीवर 'जड तेल' (खनिज तेलातला दाट, जड भाग) ठीक. शिवाय हा माल पचायलाही जड असतो, म्हणून तर उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ, लागतो.

आता 'सुगंधी', म्हणजे इंग्रजी 'ॲरोमॅटिक'चं शब्दशः भाषांतर. वहिनींचा प्रश्न रास्त आहे, पण चूक तुमची नाही, इतिहासाची आहे. दत्ताच्या आरतीला निखाऱ्यावर टाकतात तो ऊद आठवा. (अत्तरवाल्यांचा 'ऊद' वेगळा, तो अगरूचा.) अरब व्यापारी या उदाला 'लुबान जावी' म्हणत, म्हणजे जावाकडचा लोबान. युरोपात जाताना पुढचा 'लु' गळाला, उरलेल्याचं 'बेंझोइन' झालं. उदातून निघणारं आम्ल ते बेंझोइक आम्ल. 1833 मध्ये मिचरलिख या जर्मन रसायनज्ञाने ते चुन्याबरोबर तापवलं आणि जो द्रव मिळाला त्याचं नाव पुढे बेंझीन पडलं. तोच द्रव इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडेला 1825 मध्येच दिव्याच्या गॅसच्या तेलकट गाळात सापडला होता, पण नाव चिकटलं ते उदाचं. टोल्यूईनचंही तसंच, ते टोलू नावाच्या सुवासिक राळेवरून. अशा कुळाला 'ॲरोमॅटिक' म्हणणं तेव्हा साहजिकच होतं. पुढे कळलं की या कुळाची खूण वासात नाही, रेणूच्या रचनेत आहे : कार्बनच्या कड्यात सगळीकडे वाटून गेलेले इलेक्ट्रॉन, आणि त्यामुळे येणारी चिवट स्थिरता. नाव मात्र तेच राहिलं.

उदाहरण तुमच्या कपाटातच आहे. डांबराची गोळी, म्हणजे नॅप्थलीन. (हल्ली पुष्कळदा वेगळ्या रसायनाची मिळते, तेही ॲरोमॅटिकच.) तिला सुगंधी म्हणायला कोण धजेल? पण नॅप्थलीनच्या रेणूत अशी दोन कडी एकमेकांना चिकटलेली असतात, आणि जड तेल फोडल्यावर मिळणाऱ्या एका मधल्या तेलात याच जातीचे रेणू भरपूर असतात. डिझेल म्हणून ते वाईट, नीट पेट घेत नाही. म्हणून हायड्रोजन आणि उत्प्रेरक वापरून दोनपैकी एकच कडं हायड्रोजनने भरायचं, मग झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजावर तेवढंच फोडायचं. उरलेल्या कड्याला लटकणाऱ्या शेपट्या छाटल्या की बेंझीन, टोल्यूईन, झायलीन हाती येतात. एका प्रकारच्या झायलीनपासून पुढे पॉलिस्टर होतं, म्हणजे आपली टेरीकॉटची पँट. हायड्रोजन जास्त झाला की दोन्ही कडी भरतात आणि खेळ संपतो. कडी जागेवर असतात, पण ॲरोमॅटिकपणा गेलेला असतो.

म्हणूनच काहीजण सुचवतात तो 'वलयी' शब्दही मला पटत नाही. सायक्लोहेक्झेन, म्हणजे हायड्रोजनने पूर्ण भरलेलं बेंझीनचं कडं, तेही वलयीच, पण ॲरोमॅटिक नाही. ज्या प्रक्रियेवर तुम्ही लिहिताय तिची सगळी मेख याच फरकात आहे, आणि तोच शब्दाने पुसायचा?

तेव्हा सरळ 'ॲरोमॅटिक' ठेवा. पेट्रोल-डिझेल ठेवतो, मग यालाच काय झालं? शीर्षकातलं 'द्वारे' आणि 'रूपांतर'ही काढता येईल : 'जड तेलापासून उपयोगी ॲरोमॅटिक रसायने : उत्प्रेरकाची करामत'. 'करामत' संपादकाला खटकली तर 'काम' करा.