माफी देवाकडं मागितली, खरं बहिणीचं काय?

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस सुरू झाले की या सदराकडं येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. यावेळी दोनच पत्रं घेतोय, कारण दुसऱ्याला जागा जास्त लागणार आहे.

प्रश्न: सर, मी खानापूर तालुक्यातली, माहेर कॅथलिक. नवरा मेथडिस्ट. ईस्टरच्या आधी फादरकडं कुमसारला, म्हणजे पापं कबूल करायला, जायचं म्हणजे जायचंच, अशी आमच्या घरची सवय. नवरा म्हणतोय पापं देवाला सांगायची, माणसाला कशाला? यावरनं दरवर्षी घरात वाद होतो. कुणाचं बरोबर?

उत्तर: ताई, वाद जुना आहे, तुमच्या घरातला नाही. वर्षातनं एकदा तरी पापनिवेदन करायचंच हा नियम कॅथलिक चर्चनं 1215 च्या लॅटरन परिषदेत घातला. आणि ज्याच्यापासनं प्रॉटेस्टंट पंथ सुरू झाला त्या मार्टिन ल्यूथरनं 1517 ला जे 95 मुद्दे मांडले त्यातला पहिलाच मुद्दा असा की विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं, म्हणजे वर्षातनं एक दिवस जाऊन भागत नाही. मला दोन्ही पटतं. तुमच्याकडं पापाचं नाव घेऊन तोंडानं बोलावं लागतं, ते लई अवघड असतंय आणि म्हणूनच चांगलं असतंय. खरं फादरनी सांगितलेल्या प्रार्थना म्हटल्या की हिशेब मिटला असं वाटायला लागलं तर घात. नवऱ्याकडचा धोका उलटा. देवाला थेट सांगतो म्हणणारे आम्ही प्रॉटेस्टंट बरेचदा "प्रभू, आमची सगळी पापं क्षमा कर" एवढंच बोलतो, एकाही पापाचं नाव घेत नाही. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं लिहिलंय, ते आमच्याही बायबलात आहेच की. तुम्ही कुमसारला जावा, आणि त्यांनी त्या दिवशी घरात बसून एका पापाचं नाव घेऊन प्रार्थना करावी. वाद मिटेल का माहीत नाही, दोघांनाही फायदा होईल.

प्रश्न: मी 58 वर्षांचा, हुक्केरी तालुक्यातला शेतकरी, चर्चच्या मंडळीत वडील (एल्डर) म्हणून सेवा करतो. बाबा वारल्यावर दीड एकर जमीन होती. धाकटी बहीण गडहिंग्लजला दिलीय. तिला मी सोसायटीच्या पीककर्जाची सही आहे म्हणून बोलावलं आणि हक्कसोड पत्रावर सही घेतली. कागद कन्नडमध्ये होता, ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, मला येत होतं. कागदाखाली तिनं मराठीत सही केली, अजून डोळ्यासमोर आहे. गेल्या वर्षी कन्व्हेन्शनच्या प्रार्थनासभेत मी ओक्साबोक्शी रडलो, पास्टरनी डोक्यावर हात ठेवून देवानं क्षमा केली म्हणून सांगितलं. खरं नाताळला ती करंज्यांचा डबा घेऊन आली की माझ्या छातीत धस्स होतं. बायको म्हणते, देवानं माफ केलंय, आता उकरून कशाला काढता, मुलानं तिथं बोअर मारून ऊस लावलाय. माझा पश्चात्ताप खरा नाही का?

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 ला मुली आपल्या पापांसाठी अशाच रडल्या होत्या, तसं रडू देवाकडनंच येतं. तुमचा पश्चात्ताप खरा आहे, अर्ध्या वाटेत थांबलाय एवढंच.

यात आपल्या मराठी शब्दाचाही थोडा दोष आहे असं मला वाटतं. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप, आणि ताप काय, येतो आणि उतरतो. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे मेटानोइया, म्हणजे मन बदलणं. जुन्या करारातले संदेष्टे हिब्रूत शूव म्हणतात, त्याचा अर्थ तर साधा, मागं फिरणं, परत येणं. लूकच्या पंधराव्या अध्यायातला बापाचा पैसा उडवलेला धाकटा मुलगा डुकरांजवळ बसून शुद्धीवर आला, खरं गोष्ट तिथं संपत नाही, तो उठून चालत घरी येतो. तुम्ही शुद्धीवर आलाय. अजून उठला नाहीय.

आणि जायचं कुणाच्या दारात? जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात सहाव्या अध्यायात तुमच्यासारखंच प्रकरण आहे, शेजाऱ्याला फसवून काही घेतलं तर काय करायचं. जे घेतलं ते पूर्ण द्यायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि मग अर्पण घेऊन याजकाकडं जायचं. आधी मालक, मग वेदी. प्रभू येशूनंही मत्तयच्या पाचव्या अध्यायात तेच सांगितलं, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं वेदीजवळ आठवलं तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याकडं जा. जकातदार जक्कय तर लोकांना फसवून घेतलेलं चौपट द्यायला उठला, आणि आज या घराला तारण मिळालं असं प्रभू त्यानंतर म्हणाला. तारण विकत मिळतं असा याचा अर्थ नाही. तारण घरात आलं की पेटीचं झाकण उघडतंच, एवढाच अर्थ.

एक सावधगिरी सांगतो. पैसे परत केले की झालं असंही नसतंय. येशूला धरून देणाऱ्या यहूदानं त्याबद्दल मिळालेली तीस नाणी परत नेऊन दिली होती, चूक केली असंही बोलला, खरं येशूकडं वळला नाही, जाऊन गळफास घेतला. शिष्य पेत्रानं येशूला ओळखत नाही असं तीनदा सांगितलं, बाहेर जाऊन रडला, आणि पुढं सरोवरावर प्रभू दिसल्याबरोबर पाण्यात उडी टाकून त्याच्याकडं गेला. म्हणून जमीन परत देताना स्वतःला शिक्षा करून घेतोय अशा मनानं देऊ नका.

मला हे पुस्तकातनंच माहीत आहे असं समजू नका. नोकरीत असताना एका सहकाऱ्याबद्दल मी खोटं बोललो होतो, त्यानं त्याची बढती गेली. सहा वर्षांनी त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा बेलवरचा हात दाबेना. त्यानं ऐकून घेतलं आणि "बरं, जा आता" एवढंच म्हणाला. त्या रात्री मी शांत झोपलो असं काही नाही. खरं दुसऱ्या दिवशीपासनं प्रार्थनेला बसताना त्याचं नाव टाळावं लागलं नाही.

तर आता काय करायचं. आधी बायकोला आणि मुलाला समोर बसवून सगळं सांगा, उसाची अडचण आहेच, तोडणी झाल्यावर द्या, नाहीतर आजच्या बाजारभावानं तिच्या हिश्श्याची किंमत द्या, खरं कुठलं घ्यायचं ते तिला ठरवू दे, तुम्ही ठरवू नका. आपल्या ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो, वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखा. कागद कसा फिरवायचा ते वकिलाला विचारा.

मग गडहिंग्लजला स्वतः जावा, फोनवर सांगू नका. "देवानं मला माफ केलंय" हे वाक्य तिच्यापुढं काढायचं नाही. माफी मागा, खरं उत्तर त्याच दिवशी मागू नका. ती चिडेल, तिचा नवरा बोलेल, कदाचित यंदा करंज्यांचा डबा येणार नाही, ते सगळं तिच्या हक्काचं आहे.

आणि जाताना ते हक्कसोड पत्र आणि जमिनीच्या पहाणीचा उतारा बरोबर न्या. तिच्या शेजारी बसून एकेक ओळ मराठीत वाचून दाखवा.