मला यात धरू नका

अमेरिकेतल्या एडिसनहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. नऊ मराठी कुटुंबांचा त्यांचा ग्रुप, दर महिन्याला कुणाकडे तरी जेवण. २०२४ च्या नोव्हेंबरात ५ तारखेला अमेरिकेची निवडणूक झाली आणि २० ला महाराष्ट्र विधानसभेची. दोन्ही निकालांवर ग्रुप एका सुरात बोलला. ताईंना दोन्हीकडे वेगळंच वाटत होतं. त्या कोशिंबीर ढवळत राहिल्या. "आता मी त्यांच्याच मताची, असं धरूनच चालतात. बोलू का? हे म्हणतात, कशाला उगाच, आपल्याला यांच्यातच राहायचंय."

ताई, आधी तुमच्या यजमानांची बाजू घेते. त्यांची भीती खोटी नाही. पुण्यात एका मैत्रिणीशी बिनसलं तरी मावशी असते, शेजार असतो, शाळेतल्या मैत्रिणी असतात. इकडे रात्री दोनला थोरल्याला ताप चढला तर धाकटीला कुणाकडे सोडायचं, आईबाबांना नुआर्क विमानतळावरून कोण आणणार, बाळंतिणीला डिंकाचे लाडू कोण करून देणार? उत्तर एकच, ही नऊ घरं. नातेवाइकांची सगळी कामं मित्रांवर येऊन पडलेली असतात, म्हणून मतभेद इथे महाग पडतो.

पण मिठाची गुळणी धरून बसणंही महाग पडतं. मी ते भोगलंय. तीन वर्षं मान डोलावली आणि एका दिवाळीला फराळाच्या ताटासमोर सगळं भसाभसा बाहेर पडलं. मुद्दे राहिले बाजूला. "म्हणजे इतके दिवस तू नुसतं हो हो करत होतीस?" हेच मैत्रिणीला लागलं. दीड वर्ष आम्ही बोलत नव्हतो. चिरोटे मात्र त्या वर्षी फार छान झाले होते.

म्हणून लवकर बोला आणि थोडकं बोला. भर पंगतीत नको. तिथे माणूस स्वतःचं मत सांगत नाही, ग्रुपचं सांगतो. जेवणं झाल्यावर सिंकपाशी कुणी तरी ॲल्युमिनियमचे ट्रे विसळत असतं, तिच्या शेजारी फडकं घेऊन उभ्या राहा. हात कामात असले की नजरेला नजर द्यावी लागत नाही. "मला नाही गं तसं वाटत" एवढं पुरे. का म्हणून विचारलं तर आपल्या घरातलं सांगा: ग्रीन कार्डच्या रांगेत गेलेली वर्षं, गावाकडे भावाच्या कापसाला मिळालेला भाव. टीव्हीवरचं ऐकवलंत तर ती तिच्या टीव्हीवरचं ऐकवेल.

पंगतीत कुणी गृहीत धरलंच तर, "माझं मत वेगळं आहे, मला यात धरू नका. भात वाढू?" 'अंधभक्त' आणि 'फुरोगामी' हे शब्द दोन्ही बाजूंनी चपलांपाशीच काढून ठेवावेत.

फारच तापलं तर विचारा, इथल्या कुणाकुणाला मत देता येतं? अमेरिकन पासपोर्ट घेतलेल्यांना ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असूनही भारतात मतदान नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांना फॉर्म ६ए भरून नाव नोंदवता येतं, पण मतदानाला पासपोर्ट घेऊन स्वतः गावच्या केंद्रावर जावं लागतं. आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना, ग्रीन कार्डवाल्यांना इथला राष्ट्राध्यक्ष निवडता येत नाही. हा हिशेब झाला की आवाज जरा खाली येतात.

कुणी टिळक-आगरकरांचं उदाहरण देईल. ते आपण जरा गोड करूनच सांगतो. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढलेले हे दोघे. तरी मतं पटेनात म्हणून १८८७ मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले, पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला, आणि मग एकमेकांवर लिहिताना कुणीच हात राखला नाही. १८९५ मध्ये आगरकर गेले, त्यांचा मृत्युलेख टिळकांनी लिहिला. तुम्ही तितकं ताणू नका.

आणि हो, तुमच्या यजमानांना आधी सांगून ठेवा. ऐन जेवणात ते टेबलाखालून पाय मारायला लागले, तर ते सगळ्यांना कळतं.