गिझित्स्कोला येताय? भाडेकरार नीट वाचा

तुम्ही विचारलंय की दोघांचंही काम घरून चालतं, तर वॉर्साचं भाडं भरण्यापेक्षा पोलंडच्याच ईशान्येकडच्या गिझित्स्को या गावात राहावं का, आणि तिथे परकं वाटेल का. माझा इथला हा पाचवा हिवाळा, त्या अनुभवावरून सांगतो.

नकाशा उघडा. खाली न्येगोचिन तळं, वर किसायनो तळं, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. आपल्याकडे डोंगरात असते तशी ही दोन तळ्यांमधली खिंडच. खिंड अडवायची म्हणून प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याने १८४४ पासून इथे बॉयेन किल्ला बांधला. चांदणीच्या आकाराचा भुईकोट म्हणा. १९१४ मध्ये रशियन सैन्याने वेढला, तरी पडला नाही.

तळी जोडणारा वुचान्स्की कालवा गावातूनच जातो. त्यावरचा जुना पूल होड्यांसाठी उचलत नाहीत, आडवा फिरवतात. तोही एकच माणूस, हाताने! पहिल्यांदा मी व्हिडिओ काढला होता. आता भाजीची पिशवी घेऊन नुसता ताटकळतो.

परकेपणाचं म्हणाल, तर इथे बहुतेकांचे आजी-आजोबा बाहेरूनच आले. १९४५ पर्यंत हे जर्मनीतलं ल्योत्सेन. युद्धानंतर बहुतेक जर्मन गेले आणि सोव्हिएत हद्दीत गेलेल्या पोलंडच्या पूर्व भागातले पोलिश लोक इथे आले. १९४७ मध्ये जबरदस्तीने उठवलेले युक्रेनियनसुद्धा. गावाचं नाव काही महिने वुचानी होतं, मग १९४६ मध्ये पोलिश भाषेसाठी झगडलेल्या गिझेव्हियुश या पाद्र्यावरून गिझित्स्को झालं. शेजारच्या आजींना मी एकदा कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं सांगितलं. १९४३ ते ४८ तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, बरेचसे त्याच पूर्वेकडचे. आजींनी आतून नातवाचा शाळेचा नकाशा आणला आणि कोल्हापूरच्या जागी माझ्याकडून पेन्सिलीने फुली मारून घेतली.

थंडीपेक्षा अंधार जड जातो. डिसेंबरात सव्वातीनच्या सुमारास सूर्य मावळतो आणि गाव चिडीचूप. जुलै-ऑगस्टमध्ये उलट, शिडाच्या होड्यांवाल्यांची जत्रा. म्हणून करार पूर्ण बारा महिन्यांचाच करा. काही मालक घर सप्टेंबर ते जूनपुरतंच देतात, उन्हाळ्यात पर्यटकांकडून जास्त मिळतात ना! मी ती ओळ वाचलीच नव्हती. पहिल्या वर्षी जूनअखेर आम्ही प्रेशर कुकरसकट फुटपाथवर.