गादीखाली चपात्या सापडतात

प्रश्न: ताई, मागच्या दिवाळीनंतर आम्ही मुलगी दत्तक घेतली, आता सात वर्षांची आहे. आधी दोन संस्थांमध्ये राहिलीय, त्याआधी घरी मारहाण व्हायची एवढंच फाइलमध्ये लिहिलंय. पोटभर जेवते तरी गादीखाली, दप्तरात चपात्या लपवते, मुंग्या लागतात. विचारलं की तोंडावर 'मी नाही' म्हणते. पाहुणे आले की एकदम गोड, कुणाच्याही मांडीवर जाऊन बसते, मला मात्र चावते आणि 'तू माझी आई नाहीयेस' म्हणून ओरडते. सासूबाई म्हणतात, शेवटी रक्त बोलतंच. पुढच्या महिन्यात संस्थेच्या मॅडम येणारेत. मिस्टर म्हणतात काही बोलू नकोस, पोरीला घेऊन जातील. खरं सांगू, कधीकधी वाटतं नेलं तर नेलं, आणि मग रात्रभर रडू येतं.
— एक आई, सांगली

उत्तर: आधी मॅडमचं बोलू, कारण तिथेच तुम्ही अडकलाय. मूल घरी आल्यापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेने रिपोर्ट करायचा असतो, आणि मुलाचं आईबाबांशी जमत नसेल तर समुपदेशनाची सोय संस्थेने किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाने करून द्यायची, हे 'कारा'च्या, म्हणजे दत्तक प्रक्रिया बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, 2022 च्या नियमावलीतच आहे. म्हणजे मदत मागणं हा तुमचा हक्क झाला, गुन्हा नव्हे. 'सगळं छान चाललंय' म्हणून चहा-पोहे देऊन त्यांना वाटेला लावलंत तर मदत येणार कुठून? चपात्या, चावणं, तुमचं रात्रीचं रडणं, सगळं सांगा. मिस्टरांनाही शेजारी बसवा.

आता चपात्या. जिला कधीतरी उपाशी झोपावं लागलंय किंवा दुसऱ्याने ताटातलं ओढून घेतलंय, तिचं पोट भरलं तरी भीती भरून निघत नाही, त्याला वेळ लागतो. ओट्याखालच्या कप्प्यात तिच्या नावाचा एक डबा ठेवा, चिवडा, लाडू, राजगिऱ्याची वडी, काहीही, आणि कधीही न विचारता घे म्हणून सांगा. पहिले काही दिवस सगळा फस्त करेल, करू दे, मोजत बसू नका. आणि 'तू घेतलीस का?' हा प्रश्नच बंद, उत्तर तुम्हाला माहीत असतं आणि आजवर खरं बोलून तिला मारच मिळाला असणार. 'मुंग्या लागतात गं, चल डब्यात ठेवू' एवढंच म्हणायचं.

पाहुण्यांच्या मांडीवर बसणं लोकांना गोड वाटतं, पण सांभाळणारी माणसं सतत बदलत राहिली की कुणाकडेही जायची सवय लागते मुलांना. म्हणून सध्या भरवणं, न्हाऊ घालणं, पडली तर जवळ घेणं हे तुम्ही दोघांनीच करा, आत्या-मावश्यांना स्पष्ट सांगा, रुसल्या तर रुसू देत. राग तुमच्यावरच का? कारण सगळ्यात जास्त जवळ तुम्ही आहात, आणि जवळची माणसं सोडून जातात हे तिने पाहिलंय, त्यामुळे ती तुम्हाला ताणून बघतेय. 'आई नाहीयेस' म्हणाली तर वाद नको, 'तुझी आधी एक आई होती, आता मी पण आहे' म्हणा. चावली तर हात धरून थांबवा, पण खोलीत एकटीला कोंडू नका, ती शिक्षा अशा मुलांना फार खोल लागते. 'दोन फटके द्या, सरळ होईल' म्हणणारा काउन्सेलर भेटला तर फी देऊन उठा.

सासूबाईंचं रक्त वगैरे मला अजिबात पटत नाही, आणि ते पोरीच्या कानावर जाणार नाही हे मिस्टरांनी बघायचं, त्यांची आई आहे ती.

'नेलं तर नेलं' असं वाटणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, दत्तक घेतल्यावर आयांना डिप्रेशन येऊ शकतं, लोक बोलत नाहीत इतकंच. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतून. रोज संध्याकाळी तासभर मिस्टरांनी पोरीला बघायचं आणि तुम्ही घराबाहेर पडायचं, भाजी आणायला नव्हे.

आणि हो, शाळेत बाईंना आधीच भेटून या. 'लहानपणीचा फोटो आणा', 'माझं कुटुंब' असले प्रोजेक्ट निघतात, तिच्याकडे बाळपणीचा फोटोच नसेल. आत्ताचा चालेल का, हे तुम्ही आधीच विचारून ठेवा.