एकाच खोक्यातली काडतुसं एका रायफलीत सुरळीत चालतात, दुसरीत अडकतात. असं का?

बहुतेकदा फरक चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, मापात असतो. बार उडाला की काडतुसाची पितळी केस (कवच) फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, दाब उतरल्यावर किंचित आकसते आणि मगच एक्स्ट्रॅक्टर (रिकामी केस बाहेर काढणारा आकडा) तिला ओढू शकतो. चेंबर घट्ट असेल तर ही मोकळीक फारच कमी उरते. जराशी काजळी, धूळ किंवा थोडी मोठी केस आली की बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) नीट बंद होत नाही. म्हणून लष्करी चेंबर मुद्दाम सैलसर ठेवतात, स्पर्धेच्या रायफलींचे घट्ट. अर्थात सैलपणालाही मर्यादा आहे: हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकतं ती जागा यांतलं अंतर) जास्त झाला तर केस बुडाजवळ ताणून फाटू शकते, आणि ते नुसतं अडकण्यापेक्षा कितीतरी वाईट.

खरा घोळ .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो या दोन काडतुसांचा. काडतुसं दिसायला सारखीच, पण ५.५६च्या चेंबरमध्ये गोळीपुढे रायफलिंग (नळीतल्या पीळदार खाचा) सुरू होईपर्यंत जास्त जागा असते. त्यामुळे .२२३च्या चेंबरमध्ये ५.५६ वापरल्यास दाब धोकादायक वाढू शकतो. उलटं सहसा चालतं. .२२३ वाइल्ड हा चेंबर यातूनच काढलेला मधला मार्ग. तेव्हा आधी बॅरलवर कोरलेलं वाचा, आणि हेडस्पेस गनस्मिथकडून गेज लावून तपासून घ्या.